अंगणात गट्टू आले, दिवाळीची सुट्टी कोण देणार?

आमच्या शिबिराच्या जुन्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आपला कॅम्प पुढच्या पिढीसाठी जपू या’ असा मेसेज आला आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. इतके हात जोडलेले दिसले की मला संशयच येतो. पण सातपुड्याच्या पायथ्याचं ते शिबिर म्हणजे माझ्या लहानपणातली सर्वांत लाडकी जागा, म्हणून पुण्याहून निघाले.

रेल्वेने शेगावला उतरा, गरम कचोरी खा आणि जळगाव जामोदची एसटी धरा. पुढे ऑटो. परतीचंही आधीच ठरवून ठेवा, शिबिराजवळ मोबाइलला रेंज नाही. शेवटचा रस्ता असा आहे की कचोरीचा पश्चात्ताप होतो.

शिबिर चालवतात निवृत्त शिक्षिका मंदाताई. दर दिवाळीच्या सुट्टीत शाळेची मुलं इथे मुक्कामाला येतात. संध्याकाळी अंगणातली माती झाडून सपाट करायची आणि सकाळी तोंडही न धुता तिच्यावर उमटलेले पाय बघायचे. ससा, मुंगूस, साळिंदर, एकदा तर अस्वल! जंगल वाचायला मी तिथेच शिकले.

आता त्याच अंगणात अर्ध्या भागावर सिमेंटचे गट्टू बसवलेले, बाकीच्यांचा ढीग शेजारी. देणारे आमच्यातलेच विलासभाऊ, आता ठेकेदार आहेत.

“धूळ नाही, चिखल नाही. पुढच्या पोट्ट्यायले सोय पाह्यजे का नाही?” ते खुशीत म्हणाले.

बाजूला इतरांनी दिलेले बाक, प्रत्येकावर ‘यांच्या स्मरणार्थ’. निसर्ग शिबिर की तहसीलचं आवार, तेच कळेना.

“अहो भाऊ, गट्टूंवर सशाचा पाय उमटणार कसा?” माझा आवाज चढलाच.

“हाव ना वो,” विलासभाऊ खरंच गोंधळले. “हे तं ध्यानातच नाही आलं.”

माणूस चांगला आहे, म्हणून तर जास्त चिडचिड होते.

“ताई, तुम्ही तरी अडवायचं!”

मंदाताई भाकरी थापत होत्या. “हौसेनं देतात वो बाई, नाही कसं म्हनू? सामान सारेच देतात. मले आता गुडघ्यानं होत नाही. दिवाळीत लेकरायजवळ राहाले मानूस पाह्यजे, थो कोनी देत नाही. नाही भेटला तं यंदा शिबिर बंद.”

पिठलं-भाकरी झाल्यावर ग्रुपवरून जमलेले आम्ही सगळे बैठकीला बसलो. दिवाळी म्हटल्यावर कुणाचं दुकान, कुणाची सासुरवाडी. शेवटी एकजण म्हणाला, “मी पंखे देतो.”

माझं डोकंच फिरलं. “राहू द्या ते पंखे! मी येते दिवाळीत.”

विलासभाऊ उठले आणि पहार घेऊन गट्टू उचकटायला लागले.

निघताना मंदाताईंनी पुन्हा विचारलं, “नक्की येशीन ना? मंग मी दुसरबीडच्या भावाले कळवते, यंदा येते म्हनून.”

पुण्यात पोचेपर्यंत स्वतःवरच चिडले होते. एवढ्या सगळ्यांत मीच का? आईला फोन केला तर तिनेही तेच विचारलं. “आणि भाऊबीज? तुझा भाऊ काय पाट मांडून वाट बघत बसणार?”

“आई, आम्हा मुलांपायी ताईंनी इतक्या वर्षांत भाऊबीजेला भावाला ओवाळलेलं नाही. यंदा जाणार आहेत.”

पलीकडे आई डबे उघडत असल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “मुलं किती असतात गं? त्या हिशोबाने चकल्या करते.”