सरांचा एकच हंगाम

आमच्या पथारीवरची पोरं हल्ली जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर फुटबॉलवरून भांडतात. कुठल्या परदेशी क्लबाचा कुणी मॅनेजर, पहिलंच वर्ष, संघ मधेच कुठेतरी लटकलेला. ठेवायचा की हाकलायचा? मला विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. अजून एक वर्ष द्या. पोरं हसतात. “तुम्ही सर्वासलेच एक साल जास्ती देतस,” म्हणतात. मी डबा बंद करून उठतो.

मिरची वाळत घालायचं मैदान म्हणजे पथारी. नंदुरबारच्या बाहेर अशा पथाऱ्या कितीतरी. दिवाळीनंतर जमीन लाल होते ती थेट होळीपर्यंत. त्यातलीच एक आमच्या शेठजींची, आणि मिरची उठली की तेच आमचं फुटबॉलचं मैदान; मिरचीच्या दिवसांत कडेच्या मोकळ्या पट्टीवर भागवायचो. शेठजी राजस्थानी, पण तीन पिढ्या इथेच गेल्यामुळे अहिराणी आमच्यापेक्षा झोकात बोलायचे. संघ त्यांचा, जर्सी त्यांच्या, चहाही त्यांचाच. मी माझ्या गावाहून, कोरीटहून, सायकलने यायचो. दिवसभर पथारीवर मिरची पसरायचो, उलटायचो आणि संध्याकाळी गोलमध्ये उभा राहायचो. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि आपल्यासारखा गोलकीपर जिल्ह्यात नाही अशी माझी खात्री होती.

सर कोल्हापूरचे. बदलीवर नंदुरबारच्या शाळेत आले होते. एका संध्याकाळी कुंपणाशी उभे राहून आमचा खेळ बघत होते, ते न राहवून आतच आले. “आरं, सगळीच बॉलमागं पळालासा तर गोल राखायचा कुणी?” हे त्यांचं पहिलं वाक्य. आम्हाला ही भाषा ऐकूनच मजा वाटली. महिन्याभरात शेठजींनी त्यांच्या हाती संघ दिला.

फार सुखाचे दिवस होते ते. सातपुड्यातून कामाला आलेली दोन पावरा भावंडं अनवाणीच खेळायची, त्यांना सरांनी बुटांची सवय लावली. घरी पावरी बोलणारी ती पोरं, आम्ही अहिराणीवाले, सर कोल्हापुरी, आणि मैदानावर सगळ्यांचं मिळून एक भलतंच कडबोळं. पहिल्यांदाच कुणीतरी आम्हाला उभं कसं राहायचं हे शिकवत होतं. तरी आम्ही हरत होतो. आठ सामन्यांत दोन जिंकलो, बाकी सगळा आनंद. माझ्यासाठी मात्र सरांनी गावाहून खास गोलकीपरचे हातमोजे आणले होते. त्याआधी मी उघड्या हातांनीच चेंडू अडवायचो.

पथारीवर काम केलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. तोंडाला हात लावायचा नाही. घाम आला तर खांद्याला पुसायचा, नाक खाजलं तर दंडाला. आई रोज दारातच ओरडायची, “हात धोयना का? डोयाले हात लावू नको!” हात कितीही धुतले तरी आग राहतेच. आणि हातमोजे घालून मिरची उलटणाऱ्याला बाकीचे नवरदेव म्हणून दिवसभर पिडायचे. पण त्या वर्षी माझी बोटं फारच सोलवटली होती. शेवटच्या सामन्याच्या सकाळी मी पथारीच्या पार टोकाला, कुणाला दिसणार नाही असा, सरांचे हातमोजे घालून चार तास मिरची उलटली. मोठाच शहाणा.

सामना रनाळ्याला होता. शेवटची पाच मिनिटं, एक-एक बरोबरी. सरांनी बाहेरून हात हलवून सगळ्यांना पुढे जायला सांगितलं. त्यांना जिंकायचंच होतं. तेवढ्यात चेंडू सुटला, रनाळ्याचा पोऱ्या एकटाच माझ्याकडे धावत यायला लागला. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला आणि मी तो हाताने पुसला. उघड्या हाताने मी हे जन्मात केलं नसतं. मोज्याआड हात झाकलाय म्हणून अंगवळणी पडलेली सवयच विसरलो. डोळ्यांत नुसता जाळ झाला. चेंडू कुठून गेला ते मला आजही माहीत नाही.

“डोळं उघड बघू! पाणी आणा की रं, बघताय काय?” सर धावत आले. त्यांनीच माझे मोजे ओढून काढले, आणि लगेच त्यांना एकामागून एक शिंका सुरू झाल्या. त्यांनी मोज्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. धूळ गेली असंल, एवढंच सगळ्यांना मोठ्याने म्हणाले.

होळी झाल्यावर रिकाम्या पथारीवर बैठक बसली. पुढच्या वर्षी सर ठेवायचे का, एवढाच विषय. ज्यांनी जन्मात चेंडूला लाथ मारली नव्हती तेही उंटावरून शेळ्या हाकत होते. सर एक कागद घेऊन आले होते. म्हणाले, “पहिलं वर्ष माणसं ओळखण्यात गेलं. आणखी एक वर्ष द्या. संघ उभा राहतोय.” त्यांना ते वर्ष किती हवं होतं, ते आवाजावरूनच कळत होतं.

शेठजी माझ्याकडे वळले. “तू गोलमा उभा व्हता. तू सांग भो, कोनी चूक?”

मला सांगायचं होतं, खरंच. पण समोर सगळी पथारी बसली होती. मी म्हणालो, “शेवटी सगळ्यांना पुढे पाठवायला नको होतं.”

“मास्तर चांगला शे, पन आपला नई,” कुणीतरी म्हणालं, आणि विषय संपला. सरांनी वाद घातला नाही. कागद खाटेवर ठेवला. “पुढच्याला उपयोगी पडंल,” म्हणाले, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघाले.

चहाचे कप गोळा करताना मी तो कागद उचलला. पुढच्या वर्षाचा बेत होता. मिरचीच्या दिवसांत सरावाला कोरीटचं रिकामं शेत. पावरा भावंडांना नवे बूट. गोलकीपरला सामन्याच्या आदल्या दिवसापासून पथारीवर सुट्टी, शेठजींशी बोलणे. आणि सगळ्यात खाली, कप्तान म्हणून माझं नाव.

फाटकाशी सरांची स्कूटर चालू होत नव्हती. ते किकवर किक मारत होते. वीस पावलांचं अंतर असेल. मी कागद खिशात घातला आणि स्कूटर चालू होऊन निघून जाईपर्यंत नळाखाली तेच चार कप विसळत बसलो.