कानबाईचा रोट आणि बायकोची गाणी

श्रावणात आमच्या घरी कानबाई देवी बसते. रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठमूठ गहू घेतात, आणि तो रोट पुनवेच्या आत भावकीनेच संपवायचा. सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा द्यायचा नाही. वाटायचा मान माझा. माझी शाळा चौथीतच सुटली, पण हा मान कोणी शाळा बघून देत नाही.

कानबाईची गाणी माझ्या बायकोसारखी आख्ख्या धरणगावात कोणी म्हणत नव्हतं. लेकीने ती मोबाईलवर भरून घेतली, भावकीची एक साधी साईट बनवली आणि गाणी तिथे वेगळ्या फोल्डरात ठेवली. बायको गेली. मग रोज सकाळी चहाबरोबर मी एक गाणं लावायचो.

लेक लग्न होऊन वरणगावला गेली, तशी भावकीने साईट माझ्या पुतण्याच्या हाती दिली. तो देवपुरात राहतो, कॉलेजात शिकवतो. त्याने जुनं मोडून नवी सिस्टम बसवली. दुसऱ्या दिवशी गाणं लावलं तर 'पान सापडले नाही'.

लेकीने फोनवर समजावलं. गाणी जागच्या जागी आहेत. पण नवी सिस्टम दारात उभी राहून येईल तो पत्ता पकडते, आपल्याच कपाटात शोधते, सापडला नाही की हाकलून देते. तिला एक ओळ लिहून सांगावं लागतं, या फोल्डरच्या वाटेला जाऊ नको. गाणी भरलेला लेकीचा जुना मोबाईल केव्हाच मेला होता, आणि साईटचा पासवर्ड आता पुतण्याकडे.

मी देवपूर गाठलं. त्याच्याकडे सासरची माणसं बसलेली. ओळ माहीत नाही असं तो म्हणाला नाही. हसून म्हणाला, "नाना, तुम्हीनच सांगतस ना, पोरले रोट नही. मंग पोरना फोल्डर मी कसाले सांभाळू?"

मग वर म्हणे, रिवाज चुकीचा शे असं या सगळ्यांसमोर एकदा बोला, आत्ता ओळ टाकतो. सासरची माणसं हसली. मी चहा तसाच ठेवला आणि पांझरेचा पूल पायी ओलांडून एसटी स्टँडवर आलो.

श्रावणात सगळी भावकी जमली. पंगत बसली. मी रोट वाटत गेलो आणि पुतण्याचं ताट सोडून पुढे सरकलो. त्याच्या नावाची मूठ त्या पिठात होती, सगळ्यांना ठाऊक. तो आधी हसला. मग त्याची आई, माझी वहिनी, पदर तोंडाला लावून रडायला लागली. रोट चुकला म्हणजे देवी कोपली, असं ती मानते. मला तिची दया आली नाही.

मी म्हणालो, "पहिले ओळ टाक. मंग खाय."

गाडीतून लॅपटॉप आणून तो पंगतीतच मांडीवर घेऊन बसला. कोणी घास उचलला नाही. थोड्या वेळाने बायकोचं खाकरणं ऐकू आलं, मग गाणं. मी त्याला काठाचा करपलेला तुकडा वाढला. त्याने मान खाली घालून खाल्ला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. आईचा आवाज लागला म्हणून रडली. मग हळूच म्हणाली, "नाना, औंदा एक तुकडा माले ठेवा ना."

मी नाही म्हणालो. तिने फोन ठेवला.

टोपलीत अर्धा रोट होता. तो आम्ही पुनवेपर्यंत संपवला.