पायाखाली ब्रेक नसताना

साताऱ्याहून सकाळी सात वाजता निघालो तेव्हा स्टिअरिंग माझी नणंद सुमन हिच्या हातात होतं आणि मी शेजारी बसून उजवा पाय उगाच आपटत होते. बावीस वर्षं मी बायकांना गाडी चालवायला शिकवते. शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. सुमनच्या गाडीत तो कसा असणार? तिलाही मीच शिकवलंय, पण शिकवलेलं सगळं ती बहुधा माहेरीच ठेवून आली होती. खंबाटकीच्या वळणावर तिनं तिसरा गिअर टाकला आणि मी ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "वहिनी, तू डोळे मीट बरं."

नेमकं तेच करायची मला भीती होती. दोन महिन्यांपूर्वी एक नवी नवरी माझ्याकडे शिकत होती. भर दुपारी, सरळ रस्त्यावर, मी तिच्या शेजारी बसल्याबसल्या झोपले. माझ्या पायाखालचा ब्रेक दाबायचा राहिला आणि गाडी दुभाजकावर चढली. कुणाला लागलं नाही, हे नशीब. मग तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, झोपेत तुमचा श्वास सारखा थांबतो, म्हणून दिवसा डुलकी येते. सीपॅप नावाचं यंत्र नाकाला लावून झोपायचं. रोज रात्री किमान चार तास, सलग तीस रात्री. यंत्रातलं कार्ड सगळं नोंदतं. ते आणून दाखवा, तोवर गाडी बंद. शिकवणंही बंद. खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं!

निघाले त्या दिवशी माझ्या चोवीस रात्री झाल्या होत्या. यंत्राची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, कारण डिकीत सुमनची लोणच्याची बरणी होती आणि तिच्या वळणांवर माझा काडीचाही भरवसा नव्हता.

ज्यानं यंत्र विकलं त्याच्याबद्दल बोलायला लागले की माझा आवाज अजून चढतो. दहा मिनिटांत त्यानं पट्टे कसे लावायचे ते दाखवलं, माझा मास्क लावलेला फोटो काढला आणि निघाला. मी विचारलं, हे धुवायचं कसं? म्हणाला, "मॅडम, पुस्तिकेत सगळं आहे." पुस्तिका चौदा भाषांत होती, मराठी सोडून. अरे, मी नुसता क्लच समजावायला तीन दिवस घेते! शेवटी दवाखान्यातल्या तंत्रज्ञ बाईंनी शिकवलं. मास्कची नाकाला टेकणारी मऊ गादी रोज सकाळी कोमट पाण्यानं, साध्या साबणानं धुवायची. नळी आठवड्यातून एकदा. वाळवायचं सावलीत, उन्हात नाही. पाण्याची टाकी रोज रिकामी करायची आणि रात्री नवं डिस्टिल्ड वॉटर भरायचं. हे केलं नाही तर जी घाण साचेल ती रात्रभर सरळ आपल्याच नाकात. एवढी साधी गोष्ट सांगायला त्या गृहस्थाची जीभ झिजली असती का?

कामशेतला चहाला थांबलो तेव्हा कळलं की माझा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन सुमन अंगणातच विसरली. औषधांच्या दुकानात विचारलं. "न्हाई मॅडम," दुकानदार म्हणाला, "म्होरं ग्यारेज हाय, तितं मिळंल." गॅरेजवाल्यानं माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"गाडी कुटं हाय? आनू द्या, मीच घालतो बॅटरीत."

"गाडीत नाही घालायचं. मला हवंय. श्वासातून घ्यायला."

त्यानं बाटली चटकन मागे घेतली. "नगं मॅडम. ह्ये बॅटरीचं हाय, अंगाला लागंल. मी न्हाई देत." गिऱ्हाईक परत पाठवलं, पण त्यानं विचार केला, हे मान्य करायला हवं. दोन-तीन दिवसांपुरतं उकळून गार केलेलं पाणी चालेल असं तंत्रज्ञ बाई म्हणाल्या होत्या. त्यावर भागवायचं ठरलं.

कामशेत सोडल्यावर मात्र माझं ओरडणं थोडं थांबलं. भात काढून झालेली खाचरं (बांध घातलेली भातशेतं) दोन्ही बाजूंना उघडी पडली होती. बांधाबांधावर पेंढ्यांच्या गंजी, त्यावर बगळे. मधूनच तंबूवाल्यांच्या भडक पाट्या: तलावाकाठी मुक्काम, शेकोटी, गाणी. मग एका वळणानंतर एकदम पवनेचं पाणी दिसलं, निळं आणि स्वस्थ. पलीकडच्या डोंगरावर तुंगचा सुळका. सुमननंही गाडी हळू केली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा योग्य गिअरमध्ये केली.

पवनानगरच्या अलीकडे ओळखीच्या माणसांचं शेतघर आहे. ते सांभाळतात कौसाबाई, साऱ्यांच्या मावशी, साठीच्या, काटक. मागच्या दोन खोल्यांत त्या राहतात. लेक बाळंतपणाला आली होती आणि बाळ वीस दिवसांचं होतं. जेवायला धरणातल्या माशाचं कालवण, तांदळाची भाकरी आणि घरच्या इंद्रायणीचा भात. त्या भाताचा वास ताटाच्या आधी खोलीत आला. मी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा मावशी खूश झाल्या.

मी यंत्र खाटेशेजारी मांडत होते, तर मावशी दारात उभ्या. "ह्ये कशाचं हाय, ताई?"

आता मी काय सांगावं? पुरुष घोरला तर घरात विनोद होतो. बाई घोरली तर ते कुणाला सांगायचंच नाही. माझ्या नवऱ्यानं वीस वर्षं पाहुण्यांना सांगितलं की घोरणारा तोच आहे, आणि मीही ते ऐकून घेतलं! मी म्हटलं, "दम्यासाठी आहे. वाफ घ्यायचं मशीन." मावशींनी मान डोलावली आणि मला हळद घातलेलं दूध आणून दिलं.

रात्र छान गेली. पंचविसावी. सकाळी शनिवार, म्हणजे नळी धुवायचा दिवस. मास्क आणि नळी धुऊन न्हाणीघरातल्या दांडीवर टांगली आणि आम्ही दोघी पाण्याकडे गेलो. दिवसभर काठाकाठानं हिंडलो. एका मासे पकडणाऱ्या आजोबांनी जाळं विणता विणता सुमनला विचारलं, "ह्या तुमच्या मावशी का?" मी सुमनहून पाच वर्षांनी मोठी आहे, फक्त पाच! तो रागही मी सोबत घेऊन परत आले.

परतले तर दांडी रिकामी. मागच्या खोलीतून ओव्याचा आणि बाळंतशेपांचा वास येत होता. आत शेगडी पेटलेली, तिच्यावर बांबूची मोठी टोपली पालथी, टोपलीवर बाळाचे लंगोट वाळत घातलेले, आणि त्या लंगोटांच्या मधोमध माझा मास्क आणि माझी नळी. बाळंतिणीच्या घरात थंडीत असंच वाळवतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या मुलाचे लंगोट माझ्या आईनं असेच वाळवले होते. पण नळीचं एक वेटोळं टोपलीच्या फटीतून खाली लोंबून निखाऱ्यांपाशी गेलं होतं. उचललं तर तिथं बोट जाईल एवढं भोक.

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिणार नाही. "विचारल्याशिवाय हात लावलात कशाला? अक्कल गहाण टाकलीय का?" एवढं तर नक्की बोलले. बाळ दचकून रडायला लागलं.  मी दम घ्यायला थांबले तेव्हा मावशी बोलल्या.

"ताई, तुमीच म्हनला वाफंचं मशीन हाय. वल्लं (ओलं) हुतं. न्हाणीत बुरशी धरली असती, तीच तुमच्या नाकात गेली असती. म्हून बाळाच्या कापडांसंगं टाकलं. बाळाच्या कापडांपरीस चोख काय असतंय का? आमाला कुनी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर बोट बी लावलं नसतं."

 त्यांनी माझ्या नाकात घाण जाऊ नये म्हणून केलं होतं आणि मी त्यांना खोटं सांगितलं होतं. पण तेव्हा मी हे कबूल करण्याच्या मनःस्थितीत नव्हते. मी त्या सव्विसाव्या रात्रीचा विचार करत होते. लोणावळ्यातल्या दोन-तीन दुकानांत सुमननं फोन लावले, अशी नळी कुणाकडे नव्हती. चिकटपट्टी गुंडाळली, ती हवेच्या दाबानं सुटली. मावशी हळूच म्हणाल्या, "कणकीचा लेप देऊ का?" मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या निघून गेल्या.

त्या रात्री मी जे केलं ते सांगते. यंत्र सुरू करून मास्क लावला, भोकावर तळहात दाबला आणि उशीला टेकून बसून राहिले. डोळा लागला की हात सुटायचा, फुसकन हवा जायची, मी जागी. कार्ड तास मोजतं ते यंत्र चालल्याचे, तुमच्या झोपेचे नाही. चार तास दहा मिनिटं झाल्यावर मी यंत्र बंद केलं. सव्विसावी रात्र कार्डात बसली. मला वाटलं, जिंकले!

रविवारी लोणावळ्याला निघालो. सुमनला तुंगार्लीचा तलाव बघायचा होता. बंगल्यांच्या मधून वर जाणारा रस्ता अरुंद आणि उभा, त्यात रविवारची गर्दी. चढावर सुमनची गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, दोन हात मागे घसरली. मागून भोंगे सुरू झाले. तिनं दोन्ही पाय ब्रेकवर दाबले.

"वहिनी, तू घे. माझ्याच्यानं होत नाही."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मागचा एकजण खिडकीतून डोकं काढून ओरडला, "बाईला दिलीय वाटतं गाडी!" माझ्या डोक्यात सणकच गेली. मी उतरले, सुमनला डावीकडे बसवलं, हँडब्रेक ओढला, अर्धा क्लच सोडला आणि गाडी अशी वर नेली की तो मागे राहिला. दोन महिन्यांनी हातात स्टिअरिंग आलं होतं. तलाव पाहिला, भाजलेलं कणीस खाल्लं. काय सुंदर दिवस होता! उतरतानाही मीच चालवायला बसले. सुमननं मागितलं नव्हतं, मीही विचारलं नाही.

उतारावर गाड्यांची रांग लागली होती. एक फूट पुढे, थांबा. एक फूट पुढे, थांबा. ऊन काचेतून मांडीवर येत होतं.

मग धडक, आणि सुमनची किंकाळी. माझा पाय ब्रेकवरून घसरला होता आणि आमची गाडी पुढच्या गाडीवर जाऊन आपटली होती. डोळे उघडले तेव्हा समोरच्या गाडीच्या मागच्या काचेत दोन लहान मुली होत्या. मोठी घाबरून सीटला धरून होती. धाकटीचा हात अजून वर होता. ती मला टाटा करत होती. किती वेळ करत होती कोण जाणे. मी झोपलेली होते.

त्यांचे वडील उतरून आले, बंपर पाहिला, मुलींना पाहिलं, मग मला. "लेडीज ड्रायव्हर!" ते म्हणाले. "वाटलंच मला."

हे दोन शब्द ऐकून बावीस वर्षं मी भांडत आलेय. पेट्रोल पंपावर, परवान्याच्या कचेरीत, सासरच्या लग्नांत. बायकांच्या हातात गाडी देण्यात काही चूक नाही, हे सिद्ध करण्यात माझं आयुष्य गेलं.  त्या उतारावर त्या माणसाला शेकडो बायकांबद्दल चुकीची खात्री मीच पटवून दिली होती.

परतीच्या वाटेवर पवनानगरला सामान उचलायला थांबलो. मावशी बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि खरं सांगितलं. मी घोरते, झोपेत माझा श्वास थांबतो, दिवसा कुठंही झोप लागते, म्हणून ते यंत्र. आणि काल तोंडाला येईल ते बोलले, ते चुकलं. मावशींनी बाळाच्या डोक्यावरून पाणी ओतलं. "आदी सांगायचं हुतं की," एवढंच म्हणाल्या आणि मला टॉवेल आणायला पाठवलं.

साताऱ्यापर्यंत सुमननं गाडी चालवली. खंबाटकीला पुन्हा तिसऱ्यातच. या वेळी मी डोळे मिटून घेतले.

त्याच रात्री साताऱ्यात नवी नळी मिळाली, उरलेल्या रात्री झाल्या आणि मी कार्ड घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी संगणकावर पाहिलं. "एक रात्र गळती जास्त दिसतेय, पण तास भरलेत. तीसच्या तीस रात्री! उद्यापासून चालवा गाडी."

हे ऐकायला मी महिनाभर जीव टाकला होता. तो विकणारा, ती चौदा भाषांची पुस्तिका, घोरण्यावरचे विनोद, सगळ्यांवर चिडत चिडत मी तिथवर पोचले होते. कुणी खरं सांगत नाही, हीच माझी तक्रार होती.

"डॉक्टर, सव्विसावी रात्र खोटी आहे," मी म्हटलं. "मी जागी होते. नळीला हात लावून बसले होते. आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवताना झोपले."

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "कार्डात हे कुठंच नाही. तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलं नसतं."

"कार्डानं नाही पाहिलं. पण पुढच्या गाडीतल्या एका पोरीनं पाहिलंय. मला टाटा करताना."

डॉक्टरांनी माझ्या कागदावरचा तीसचा आकडा खोडला आणि शेजारी लिहिलं, रात्र पहिली.