समोरच्या काकांचा वेगळा ग्लास

प्रिय नीरजा आणि ओंकार,

नीरजा, तुझ्या ऑफिसात एकाला संसर्गाचा आजार झाला आणि संध्याकाळपर्यंत त्याचं नाव सगळ्या मजल्यांवर पोचलं, असं तू परवा फोनवर हसत सांगितलंस. म्हणून आज समोरच्या काकांबद्दल लिहिते. गेल्या महिन्यात ते गेले, हेही कारण आहेच.

अख्ख्या नगर शहरात काकांइतका तोंडाचा घट्ट माणूस झाला नाही. "कुठे निघालात, भाऊजी?" असं मी फाटकातून विचारलं, की उत्तर ठरलेलं, "जरा बाहेर." श्रीरामपूरला जायचं असलं, तर एसटीत कंडक्टरच्या कानात गावाचं नाव सांगत. मंडईतून वांगी आणली तरी पिशवीवर वर्तमानपत्र. "वांग्यांची कसली लाज?" असं मी एकदा विचारलं. "लाज नाही, वहिनी. आज लोक पिशवीतलं विचारतात, उद्या पोटातलं विचारतील." काकांना गोड आवडतं, हे काकूंनासुद्धा सासूबाईंकडून कळलं!

काका एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामगारांचे अधिकारी होते. तिथे पुणतांब्याकडच्या एका कामगाराला टीबी झाला. वरच्या साहेबांनी खबरदारी म्हणून त्याचं नाव फळ्यावर लिहिलं. खोलीतल्या सोबत्यांनी त्याची वळकटी बाहेर ठेवली. तो गावी गेला, लाजेनं औषध सोडलं आणि वारला. काका त्याच्या मातीला जाऊन आले. घरी म्हणाले, "जरा बाहेर गेलो होतो."

पुढे दुसऱ्याला झाला. ते नाव तो स्वतः, डॉक्टर आणि काका यांच्यापलीकडे गेलं नाही. काकांनी सगळं खातं तपासणीला नेलं. त्याची एकट्याची रजा उठून दिसू नये म्हणून पाळीपाळीनं सगळ्यांनाच सक्तीनं घरी बसवलं. मुकादम चिडला, "साहेब, कुणाला झालाय ते तरी कळू द्या! आमी लेकराबाळांची मानसं."

"म्हणून तर सगळ्यांना तपासलं."

"मंग नाव सांगा की!"

"नावानं कुणाला खोकला होत नाही."

त्या माणसाला कुणी रांगेत पाहू नये म्हणून त्याच्या गोळ्याही काकाच आणत, वांग्यांच्या पिशवीतून. शेवटी सरकारी दवाखान्यात, टीबीच्या खिडकीपाशी, काकांनाच कुणीतरी पाहिलं. झालं! कँटीनवाला म्हणाला, "साहेब, तुमचा गलास येगळा केलाय बरं का. राग मानू नका." काका म्हणाले, "धुतलेला असू दे, म्हणजे झालं." गल्लीतल्या बायका काकूंच्या हळदीकुंकवाला येईनाशा झाल्या. मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. काकूंनी रडत विचारलं, तेव्हा म्हणाले, "मला काही झालेलं नाही. पण हे बाहेर बोलू नकोस." मुलीचं पुढे दुसरीकडे जमलं, पण वडिलांशी ती फार दिवस बोलत नव्हती. काका तिच्या ताटाकडे बघत जेवत.

हे सगळं काकूंनी मला सांगितलं ते दहाव्याच्या दिवशी; जाण्याआधी काकांनी त्यांना नाव तेवढं सोडून बाकी सांगितलं होतं. त्या खात्यातली माणसं अंगणात बसली होती. तो बरा झाला आणि यांच्यातच आहे, एवढंच काकूंना ठाऊक. चहा देताना मी एकेक चेहरा निरखला. प्रत्येकाचे डोळे लाल होते.

काही कळलं नाही. तो माणूस जिवंत आहे आणि अजून कामावर जातो.