अप्पांची मोतिया गाडी

माझ्या वडिलांच्या मालकांइतका हट्टी माणूस उभ्या लातुरात झाला नाही, आणि त्या हट्टाची झळ आमच्याइतकी कुणाला बसली नाही. ते आडत व्यापारी. सगळे त्यांना अप्पा म्हणत. वडील त्यांच्या गाडीचे ड्रायव्हर. गाडी चालली तर पगार वेळेवर, गाडी बसली तर पगार मिस्त्रीकडे. त्यामुळे आमची चूल पेटायची की नाही, हे लाकडांवर नाही, इंजिनाच्या गॅसकेटवर ठरायचं. गॅसकेट गेल्याचं कळलं की आई भाकरी थापायची सोडून पिठात पाणी वाढवायची आणि आंबील शिजवायची. लोकांची लेकरं देवाकडे बुद्धी मागतात, मी गॅसकेट मागायचे.

गाडी विलायती, मोतिया रंगाची, हैदराबादच्या कुण्या जहागीरदाराच्या दारातून आलेली. आतली गादी अशी की बसलेला माणूस बाहेरून दिसेनासा व्हायचा. बाकी म्हातारपणाचे सगळे रोग तिला होते. सेल्फ कधी उठायचा नाही, मग हँडल; हँडलला दाद दिली नाही तर ढकलायला चार हमाल. ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय लागायचे नाहीत आणि स्टेअरिंग इतकं ढिलं की सरळ रस्त्यावरही ती लाजल्यासारखी कडेला सरकायची. डावं दार सुतळीनं बांधलेलं. अप्पा मुद्दाम त्याच दाराशी बसायचे. "सुतळी आपल्या हातात असल्याली बरी," म्हणायचे. प्रत्येक सुटा भाग हैदराबादेहून मागवायचा, नाही मिळाला तर लेथवर घडवून घ्यायचा. उस्ताद मिस्त्री तिच्याखालून काळे होऊन बाहेर यायचे आणि म्हणायचे, "अप्पा, ये गाडी नै, दवाखाना है. बेच डालो." अप्पा शांतपणे विचारायचे, "घरची म्हातारी खोकायली म्हणून कुणी इकतं का, उस्ताद?" स्टेशनकडच्या ज्या जागेवर पुढे तीन मजली लॉज उभा राहिला, ती जागा या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये गेली. लातूर जिल्हा झाला, जागांना सोन्याचा भाव आला, तेव्हा त्यांच्या बायको, आमच्या अक्का, आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची इस्टेट बघायची? गेअर टाकतानी कुरकुर वाजती, तीच."

पण हा नुसता शौक नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. दुकानापुढे ती गाडी उभी आहे तोवर शेतकरी डोळे मिटून माल टाकायचे. "गाडी इकली की दुसऱ्या दिशी बोभाटा," अप्पा वडिलांना सांगायचे. "अप्पा बुडाला म्हणत्याल. महादू, आडतीत माणूस पैशानं न्हाई, पत हाय तवर जगतो."

नव्या जिल्ह्याला साहेब आले, कचेऱ्या आल्या, पाऊस तेवढा आला नाही. त्या दुष्काळात मी बारावी झाले. कॉलेज लातुरातही होतं, पण नांदेडच्या वसतिगृहात दोन वेळचं जेवण होतं. नाव लागलं. हजर व्हायच्या शेवटच्या दिवशी एसटीचा संप. अप्पा म्हणाले, "पोर आपल्या गाडीत जाईल." आई देवाला हात जोडायला आत गेली, गाडीची तिला माहिती होती.

नांदेडच्या वाटेवर, लोह्याच्या पुढे, बोनेटमधून वाफ उसळली. रेडिएटर कोरडा. वस्तीवरच्या एका बाईकडे पाणी मागितलं. तिनं तांब्या भरून पुढे केला. "प्यायला घ्या बाबा. गाडीला न्हाई देणार."

"बराबर हाय, माय," अप्पा म्हणाले. ते प्यायले मात्र नाहीत.

गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय अप्पा तोंडात काही घेत नसत, आणि पूजेला पाणी घरच्या आडाचंच लागे. प्रवासात त्याची पितळी कळशी सोबत असायची. तिला अक्कासुद्धा हात लावत नसत. ती कळशी उचलून ते बोनेटकडे चालू लागले.

वडील आडवे आले. "अप्पा, पाप करू नका. आन् इंजिन तापल्यालं हाय. गार पाणी पडलं तर तडकतंय. घंटाभर थांबू."

"हापिस पाचला बंद हुतंय."

"आवं, पण गाडी जाईल!"

"मला काय समजंना का? उस्तादची बोलणी तुझ्या आधी मी खाल्ली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझा देव एक दिस कोरडा राहील. पोरीचं वरीस कशाला कोरडं घालवायचं?"

पाणी आत गेलं आणि आतून तडा गेल्यासारखा एक आवाज आला. अप्पांनी डोळे मिटले, 'शिव शिव' म्हणाले आणि सुतळी धरून आत बसले. खोकत, धूर ओकत गाडी नांदेडात पोचली. मी सही केली तेव्हा कारकून कुलूप हातात घेऊन उभा होता.

ती गाडी परत लातूरला गेलीच नाही. इंजिनाचा ब्लॉक तडकला होता. तिथंच भंगारात दिली. दोघं एका ट्रकमध्ये बसून घरी आले, अप्पा उपाशी. पुढे व्हायचं तेच झालं. दुकानापुढची जागा रिकामी दिसली, तसा माल दुसऱ्या आडतींकडे वळला. वडिलांनी दुसरीकडे ट्रक धरला. दोन वर्षांनी अप्पांच्या दुकानावर दुसऱ्याची पाटी लागली.

सुट्टीत मी भेटायला जायचे. ओसरीवर बसलेले असायचे. गाडीबद्दल कधी चकार शब्द नाही. एकदा मीच धीर करून म्हणाले, "अप्पा, माझ्यापायी..."

"गप," ते म्हणाले. "म्हातारी गेली. वय झालं हुतं तिचं. तू काय शिकायलीस ते सांग." मी रसायनशास्त्र सांगू लागले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. तरी मान हलवत ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकताच त्यांचा डोळा लागला.

माझा निकाल लागायच्या आधीच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. मी बी.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.