बेलाच्या टोपलीतून येणारे पाहुणे

सत्तरच्या दशकातल्या एका श्रावणात आमची मुलगी बाळंतपणासाठी सोलापूरला, माहेरी आलेली होती. नात दोन महिन्यांची झाली होती. गौरी-गणपतीपर्यंत दोघींनी राहावे असे ठरले होते, आणि त्या मुक्कामाचा एकेक दिवस मी तीर्थासारखा ओंजळीत जपत होतो.

नेमके त्याच वेळी घरात किडे निघू लागले. तपकिरी, चपटे, बोटाच्या पेराहूनही लहान, आणि शेपटाशी एक नाजूक चिमटा. हा किडा निजलेल्या माणसाच्या कानात शिरतो अशी समजूत होती. एक किडा पाळण्याच्या दोरीवर दिसला मात्र, मुलीने केम गावी जावयांना पत्र टाकले : रविवारी न्यायला या.

"अप्पा, रागावू नका," ती म्हणाली. "हिचा कान केवढासा आहे, बघा की."

कान पाहिला. खरोखरच केवढासा होता. माझे मन मात्र कासावीस झाले, आणि रविवारच्या आत घर निर्धोक करण्याचा मी निश्चय केला. मी भिंतींच्या भेगा चुन्याने लिंपल्या, उंबऱ्याशी वेखंडाची पूड पसरली, कडुनिंबाचा धूर केला. किड्यांनी या सर्व उपचारांचा प्रसन्नपणे स्वीकार केला.

श्रावणात जीव मारणे मला शक्य नव्हते. म्हणून मी वर्तमानपत्राच्या ओल्या सुरळ्या करून संध्याकाळी भिंतीलगत ठेवू लागलो. ओल आणि अंधार त्यांना प्रिय. सकाळी सुरळीत सात-आठ जण सुखाने वसलेले असत. स्नान करून मी त्यांना गल्लीच्या टोकाला महादेवाच्या अंगणात नेई, बेलाच्या बुंध्याशी हलकेच झटकून त्यांचा निरोप घेई, आणि मग पूजेसाठी बेल तोडून घरी येई. चार दिवस हा क्रम चालला. रोज सात-आठ पोहोचवावेत, रोज सात-आठ सापडावेत.

"यांना आपला पत्ता पाठ झालाय," आमची मंडळी म्हणाली.

शनिवारी सकाळी तिने सुरळीतल्या सर्वांत पुष्ट किड्याला काडीने दाबून धरले, त्याच्या पाठीवर मेणाचा ठिपका दिला आणि वर लेकीने सासरहून आणलेले कुंकू टेकवले. "आता हा कुठं जातो ते कळेल."

मी नेहमीप्रमाणे त्याला बेलाखाली सोडले, बेल घेतला आणि येऊन पूजेस बसलो. अभिषेक सुरू होता. रुद्राचे पठण मध्येच थांबवता येत नाही. ही बेल देण्यासाठी शेजारी बसली होती. तिने बेल सुकू नये म्हणून टोपलीत घातलेले ओले फडके उचलले, आणि त्याच्या घडीतून कपाळी नव्हे, पाठीवर कुंकू मिरवीत तो बाहेर आला व ताम्हनाच्या काठावर शांतपणे फिरू लागला.

ही म्हणाली, "कुंकू लावून पाठवलं होतं, ओटी भरून घ्यायला परत आलाय."

माझा स्वर थरथरला. पुढचे पद आठवेना. बेल तोडताना मी टोपली रोज त्याच बुंध्याशी ठेवीत असे. नुकत्याच बेघर झालेल्या त्या जिवांना समोरच ओले, अंधारे फडके मिळे, आणि मी त्यांना सन्मानाने देवघरापर्यंत घेऊन येई. हे ध्यानात येताच हसू आवरेना. तीन वेळा अनुवाक पहिल्यापासून म्हणावा लागला. सर्प अंगावर वागवणाऱ्या त्या देवाने एवढे हसणे क्षमा केले असेल, अशी माझी श्रद्धा आहे.

आवाज ऐकून मुलगी धावत आली.

"काय झालं, आई?"

"काही नाही गं. तुझे अप्पा सकाळी पाहुणे पोहोचवतात आणि लगेच त्यांना घेऊन येतात."

मुलगी भिंतीला टेकून इतकी हसली की नात जागी झाली. त्या दिवसापासून टोपली फांदीला टांगली जाऊ लागली, आणि फडके अंगणातच झटकले जाऊ लागले.

रविवारी जावई आले. शेतकरी माणूस. सुरळीत फक्त पाचच उरले होते. त्यांनी ते निरखून पाहिले.

"हे व्हय, मामा? शेतात लई हायती. पिकावरचा मावा खात्यात. कुनाच्या कानात जात न्हाईत." मग बायकोकडे वळून म्हणाले, "पिशवी भरली का?"

मुलीने माझ्याकडे पाहिले नाही. ती पाळण्याला झोका देत राहिली. "गौरी झाल्यावर भरते," ती म्हणाली. "तेव्हा या."

"मग मी आलो कशाला?"

"जेवायला," आमची मंडळी म्हणाली, आणि पाट मांडला.

जेवताना त्यांनी सांगितले की वांग्यांवर मावा पडला आहे. संध्याकाळी निघताना त्यांनी एक पत्र्याचा डबा मागितला, झाकणाला खिळ्याने भोके पाडली आणि ओली सुरळी पाहुण्यांसकट आत ठेवली.

"बायको-लेकीला न्यायला आलो आन् हे घिऊन चाललो. आई इचारल की. काय सांगू?"

"सांगा, माहेरचा अहेर आहे," ही म्हणाली.

टांगा वळेपर्यंत डबा त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरलेला होता.