दिवसा तारे बघणारी नोकरी

आपल्या कामाचं नाव सांगून समोरच्याला काहीच कळत नसेल, तर किस्से आपोआप साठत जातात. बँकेत असते तर माझ्याकडे एकही नसता! पलूसच्या आमच्या भावकीत माणसं एकतर उसात, नाहीतर फौजेत. मी सांगलीत बी.एस्सी. केलं आणि पुण्याला खगोलशास्त्र शिकायला गेले. तेव्हापासून हे सुरू आहे.

* * *

पहिल्याच वर्षी आई सांगलीहून एसटीनं येत होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मुलगी कुठं असती?"

'खगोलशास्त्र' आईच्या तोंडात बसेना. ती म्हणाली, "ती वर, ताऱ्यांत असती."

बाईंनी तिचा हातच धरला. "कवा गेली वो?"

"जूनमधी."

"आजारी हुती?"

"न्हाई वो, स्कॉलरशिप मिळाली!"

* * *

शेजारच्या सुमनकाकू मुलाची पत्रिका घेऊन आल्या. "शनी आडवा आलाय म्हणत्यात. तू बघ की जरा."

म्हटलं, "काकू, आम्ही पत्रिका बघत नाही. अंतरं मोजतो."

"मग त्यो किती लांब हाय, तेवढंच सांग!"

"सव्वाशे-दीडशे कोटी किलोमीटर."

काकूंचा चेहरा उजळला. "मंजी लय लांब गेलाय!"

महिन्याभरात त्यांच्या पोराचं लग्न ठरलं. पुढच्या सुट्टीत मी घरी आले, तर ओट्यावर चार जण पत्रिका घेऊन बसलेले.

* * *

माझं मात्र ठरत नव्हतं. वाईहून पाहुणे बघायला आले. मुलाच्या मामांनी विचारलं, "म्हणजे कायम रात्रपाळी?"

मी सांगितलं, आमची रेडिओ दुर्बीण असते, आकाशातून येणाऱ्या लहरी पकडते, दिवसाही चालते.

मामा हसले. "दिवसा कुठं तारे दिसतात?"

आण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. एरवी गप्पच असतात. तेवढं बोलले, "लेकीचं लगीन जमवाय बसलं की दिसत्यात!"

वाईहून काही निरोप आला नाही.

* * *

पीएच.डी. करताना मी आणि माझ्याबरोबरचा प्रवीण माण तालुक्यात एका माळावर छोटा अँटेना लावून तपासत होतो. लांबून एक मेंढपाळ ओरडत होता. आम्ही लॅपटॉपमधून मान वर काढली नाही. शेवटी तोच जवळ आला. "काय चाललंय?"

प्रवीण म्हणाला, "हजारो वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी पकडतोय."

"आन मी धा मिंटं हाका मारतोय, त्या न्हाई व्हय गावल्या? वही खाल्ली की तुमची!"

त्याच्या शेळीनं आमची नोंदवही अर्धी संपवली होती. ऑफिसच्या फॉर्मवर 'नोंदी का नाहीत' असा रकाना असतो. प्रवीणनं त्यात सरळ लिहिलं, 'शेळी'.

* * *

गेल्या वर्षी माझा पीएच.डी.चा शेवटचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाला. तो सगळ्यांसमोर असतो. विषय होता, ताऱ्यांच्या मधल्या जागेतले थंड वायूचे ढग. आण्णा कोट घालून पहिल्या रांगेत, प्रवीणच्या शेजारी बसलेले.

पंधरा दिवसांपूर्वीच मला परदेशात, बर्फाच्या मुलखात, दोन वर्षांची नोकरी मिळाली होती. घरी बोलले नव्हते, फक्त प्रवीणला माहीत होतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आलेलं; आण्णांवर सगळं टाकून जाते, असं म्हणायचं कसं? नकाराची ईमेल लिहून ठेवली होती, फक्त पाठवायची बाकी होती.

प्रश्नोत्तरं संपली. परीक्षकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "आणखी कुणाला काही?"

आण्णा उभे राहिले. एकदम अटेन्शनमध्ये. मलाच म्हणाले, "मॅडम, तिकडं थंडी किती पडती?"

मी प्रवीणकडे बघितलं. परीक्षकांना वाटलं, ढगांबद्दलच विचारताहेत आणि मी अडकलेय. त्यांनीच उत्तर दिलं, "उणे एकशे ऐंशीच्या आसपास!"

आण्णांनी मान डोलावली. "उणे तीस म्या लेहला काढलीया," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "हिला दोन स्वेटर जादा घिऊ."

आणि खाली बसले.